मुळशी ते 'सकाळ' खटला : वृत्तपत्रस्वातंत्र्याची आर्थिक बाजू

लवासा हे नगर ज्या मुळशी तालुक्यात वसले आहे, त्याच तालुक्यात १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, धरणविरोधी सत्याग्रहास आरंभ झाला. मुंबईस वीज पुरविण्यासाठी टाटांच्या कंपनीने मुळा व नीला या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधावयास घेतले होते, आणि त्यासाठी लागणाऱ्या मावळ्यांच्या जमिनी सरकार १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये कंपनीस मिळवून देत होते. शासन स्वतःच वादातील पक्षकार झाले म्हणजे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे लोकांपुढे मांडण्यास शासनाच्या दडपणापासून मुक्त असलेले पत्र लागते. हे दडपण कोणत्या मार्गाने येते, हा विचारणीय प्रश्न होय.

राजद्रोहाचे खटले सर्वश्रुत आहेत. परंतु पत्र बंद पाडण्याचे काम पुष्कळदा दंडसंहितेपेक्षा जामिनाच्या रकमेने केले. शिवराम महादेव परांजपे यांचे 'काळ' हे साप्ताहिक १८९८ मध्ये निघाले. १९०८ मध्ये परांजप्यांना राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली, तरी 'काळ' बंद पडला तो १९१० मध्ये, नव्या मुद्रण कायद्याखाली मोठ्या जामिनाची मागणी झाली तेव्हा. या कायद्यान्वये नव्या छापखान्यास पाचशे ते दोन हजार रुपये ठेव भरावी लागे, आणि ती जप्त झाल्यास पुन्हा अधिक रक्कम द्यावी लागे. लेखकास तुरुंग सोसता येई. छापखान्याच्या चालकास ही रक्कम सोसत नसे.

परांजप्यांनी १९२० मध्ये 'स्वराज्य' साप्ताहिक काढले, आणि १९२२ मध्ये मुळशी सत्याग्रहातच त्यांना सहा महिन्यांचा कारावास घडला. त्याच वर्षी, सप्रू समितीच्या शिफारशीनंतर, १९१० चा कायदा रद्द झाला. तथापि १९३१ च्या कायद्याने जामिनाची पद्धत पुन्हा अवतरली.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाने निराळे रूप धारण केले. न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील वृत्तपत्र आयोगाने १९५४ च्या अहवालात धनिक मालकांच्या मक्तेदारीची चिंता व्यक्त करून पृष्ठसंख्या व किंमत यांची सांगड घालावी असे सुचविले. छोट्या पत्रांचे रक्षण व्हावे हा हेतू निःसंशय चांगला होता. त्यानुसार १९५६ चा कायदा व १९६० चा आदेश निघाला. पुण्याच्या 'सकाळ'ने त्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. ना. भि. परुळेकर यांनी १९३२ मध्ये स्थापिलेले हे दैनिक सात नव्या पैशांत सोमवार ते शनिवार मिळून चौतीस पृष्ठे देत असे. आदेशानुसार त्याच किमतीत चोवीसच देता आली असती. अन्यथा किंमत वाढवावी लागून वाचक कमी झाले असते.

१९६१ च्या निर्णयात न्यायालयाने कायदा व आदेश घटनाबाह्य ठरविले. न्यायमूर्ती मुधोळकर यांनी लिहिलेल्या निकालपत्राचे मर्म असे, की मत मांडण्याच्या हक्कात ते किती विस्ताराने व किती लोकांपर्यंत पोहोचवावे याचाही समावेश होतो. व्यापारावर घालता येणारे निर्बंध या हक्कावर लादता येत नाहीत. म्हणजेच मक्तेदारीवरील उपायानेही पत्राच्या खर्चाची किल्ली शासनाच्याच हाती दिली होती.

जून १९७५ मध्ये आलेली उघड पूर्वतपासणी लोकांच्या स्मरणात राहिली, कारण ती दिसत होती. जामीन, पृष्ठसंख्या, कागदाचा कोटा आणि सरकारी जाहिरात यांचा दाब मात्र वाचकास दिसत नाही. त्याला केवळ बातमी दिसेनाशी होते. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने लवासाचे बांधकाम थांबविण्याची नोटीस काढली, तेव्हा कंपनी, शासन आणि जमीनधारक असा तिरंगी वाद मुळशीत पुन्हा उभा राहिला. अशा प्रसंगाचा इतिहास लिहिणाऱ्याने वृत्तपत्राचा पुरावा म्हणून उपयोग करताना त्यात काय छापले गेले एवढेच न पाहता, ते पत्र कोणाच्या पैशावर चालत होते, हेही तपासले पाहिजे.