मुक्त समुद्र, पण कोणासाठी?

१/ फेब्रुवारी १६०३. सिंगापूरजवळ डच कप्तान याकोब फान हेम्सकेर्क याने रेशीम व चिनी मातीच्या भांड्यांनी भरलेले 'सांता कातारिना' हे पोर्तुगीज जहाज पकडले. ही चाचेगिरी होती की न्याय्य जप्ती?

२/ डच ईस्ट इंडिया कंपनीने समर्थनाचे काम ह्यूगो ग्रोशियस या तरुण वकिलाकडे सोपवले. त्याच्या विस्तृत ग्रंथातील एक प्रकरण १६०९ मध्ये निनावी पुस्तिका म्हणून प्रसिद्ध झाले : 'मारे लिबेरम', अर्थात मुक्त समुद्र.

३/ गोव्याहून कारभार पाहणारे पोर्तुगीज हिंदी महासागरातील जहाजांवर 'कार्ताझ' हा परवाना लादत. ग्रोशियसने प्रतिपादले की समुद्र कोणाच्याही मालकीचा नाही, आणि पूर्वेकडील राजे ख्रिस्ती नसले तरी आपल्या भूमीचे स्वामीच आहेत.

४/ पुढे कंपनीने मसाल्याच्या बेटांवर स्वतःचीच मक्तेदारी उभारली. १६१३ मध्ये लंडनच्या वाटाघाटींत इंग्रजांनी त्याच पुस्तिकेच्या आधारे मुक्त व्यापार मागितला. समोर डचांच्या बाजूने ग्रोशियसच बसला होता! स्थानिक राजांशी झालेले करार पाळलेच पाहिजेत, असे सांगून त्याने मक्तेदारीची पाठराखण केली.

५/ तत्त्व मात्र त्याच्या अशिलापुरते उरले नाही. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारानुसार खुला समुद्र सर्व राष्ट्रांना मोकळा आहे. किनारा नसलेल्या राष्ट्रांनाही.