जुन्या पेट्रोल पिकअपला डिझेल इंजिन : ओढण्याची ताकद वाढते, थांबण्याचे काय?

अमेरिकेत जुना पेट्रोल पिकअप ट्रक मोडीत न काढता त्यात डिझेल इंजिन बसविण्याची प्रथा अनेक दशकांची आहे. फोर्ड, शेव्हर्ले आणि डॉज या कंपन्यांचे १९७० व १९८०च्या दशकांतील पिकअप दणकट सांगाड्यामुळे अजूनही वापरात आहेत. मात्र मागे घोड्यांचा ट्रेलर, बोट किंवा फिरते घर जोडले की त्यांचे पेट्रोल इंजिन चढावर दमते आणि इंधनाचा खर्चही वाढतो. त्यावर उपाय म्हणून होणारा हा बदल वरकरणी सोपा वाटतो. प्रत्यक्षात इंजिनाबरोबर ब्रेकपासून गिअरपर्यंत जवळजवळ प्रत्येक यंत्रणेचा विचार करावा लागतो.

डिझेलच का?

ओझे ओढताना अश्वशक्तीपेक्षा टॉर्क, म्हणजे चाक फिरविणारा जोर, अधिक महत्त्वाचा ठरतो. डॉज कंपनीने १९८९च्या पिकअपमध्ये दिलेले कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडर इंजिन अवघे १६० अश्वशक्तीचे होते. त्या काळातील अनेक पेट्रोल व्ही-८ इंजिनांची अश्वशक्ती याच्या आसपास किंवा अधिकही असे. परंतु कमिन्सचा टॉर्क सुमारे ५४० न्यूटन-मीटर होता आणि तो मिनिटाला १७००च्या आसपास फेऱ्यांवरच मिळत असे.

उंचीवर हा फरक अधिक जाणवतो. कोलोरॅडोतील ७० क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गावरील आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३४०० मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन जवळपास एक तृतीयांश शक्ती गमावते. टर्बोचार्जरमुळे डिझेल इंजिनाची घट बरीच कमी राहते.

कमिन्सला पसंती

अशा बदलासाठी कमिन्सच्या ‘बी’ मालिकेला मोठी मागणी असते. १९९८पर्यंतच्या बारा व्हॉल्व्हच्या इंजिनांत इंधनपंप पूर्णपणे यांत्रिक असल्याने संगणक वा सेन्सरचे जाळे जोडावे लागत नाही. याच मालिकेतील ३.९ लिटरचे चार सिलिंडर इंजिन मालवितरणाच्या व्हॅनमधून काढून वापरले जाते. ते आटोपशीर असले तरी त्याची थरथर जास्त असते.

या कंपनीचे नाव पुणेकरांना नवे नाही. किर्लोस्कर कमिन्सची स्थापना पुण्यात १९६२ मध्ये झाली. पुढे १९९३ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कमिन्सने जमशेदपूर येथे टाटांच्या ट्रकसाठी ‘बी’ मालिकेचीच इंजिने तयार केली.

जुने डिझेल इंजिन म्हणजे भरवशाचेच, असे मात्र नाही. जनरल मोटर्सचे १९७८ ते १९८५ या काळातील ५.७ लिटरचे ओल्ड्समोबिल डिझेल सिलिंडर हेडच्या बोल्टमधील दोषामुळे बदनाम झाले. बारा व्हॉल्व्हच्या कमिन्समध्येही टायमिंग गिअरजवळची एक छोटी पिन सैल होऊन गिअरमध्ये पडू शकते. इंजिन बाहेर असतानाच तिचा बंदोबस्त करणे श्रेयस्कर ठरते.

वजन आणि गिअर

पेट्रोलचे ५.७ लिटरचे शेव्हर्ले व्ही-८ इंजिन साधारण २६० किलोचे, तर सहा सिलिंडरचे कमिन्स सुमारे ५०० किलोचे असते. हा वाढीव भार पुढच्या आसावर येतो. त्यामुळे स्प्रिंग, इंजिनाचे माउंटिंग आणि स्टिअरिंगचे भाग बदलावे लागतात. जुना गिअरबॉक्स ठेवायचा असेल तर इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामध्ये अॅडाप्टर प्लेट लागते आणि क्लच वाढीव टॉर्क पेलणारा हवा.

डिझेल इंजिन मिनिटाला सुमारे अडीच हजार फेऱ्यांपर्यंतच चालविले जाते. पेट्रोल ट्रकमधील ४.१०चे डिफरन्शियल तसेच राहिले, तर महामार्गावर इंजिनाची दमछाक होते. म्हणून ३.५४सारखे गुणोत्तर किंवा ओव्हरड्राइव्ह असलेला गिअरबॉक्स घेतला जातो. मोठा रेडिएटर, इंटरकूलर, पाणी वेगळे करणारा डिझेल फिल्टर आणि टाकीकडे इंधन परत नेणारी नळी यांचीही सोय करावी लागते.

उतारावरची परीक्षा

सर्वाधिक धोका चढावर नसून उतारावर आहे. पेट्रोल इंजिनाच्या इनटेकमध्ये तयार होणाऱ्या निर्वातावर ब्रेक बूस्टर चालतो. डिझेल इंजिनात थ्रॉटल नसल्याने तसा निर्वात तयार होत नाही. परिणामी वेगळा व्हॅक्यूम पंप किंवा स्टिअरिंग पंपाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक बूस्टर बसविणे अनिवार्य ठरते.

दुसरी अडचण इंजिन ब्रेकिंगची. अॅक्सिलरेटर सोडल्यावर पेट्रोल इंजिन गाडीला मागे खेचून धरते. डिझेल इंजिन तेवढे धरत नाही. मागे तीन टनांचा ट्रेलर असताना घाट उतरताना सारा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. ते तापले की त्यांची पकड सुटते. त्यामुळे एक्झॉस्ट ब्रेक आणि ट्रेलरचे स्वतंत्र ब्रेक या चैनीच्या वस्तू नव्हेत.

कायदा आणि हिशेब

इंजिन बदलल्याने कंपनीने निश्चित केलेली वजनमर्यादा वाढत नाही. चासी, आस, ब्रेक आणि हिच यांची क्षमता मूळचीच राहते. अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या धोरणानुसार बदललेली रचना ही वाहनाच्या किंवा त्यानंतरच्या वर्षातील प्रमाणित रचनेशी जुळावी लागते. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अधिक कडक आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले.

अमेरिकेत २००५ नंतर बहुतेक काळ डिझेल पेट्रोलपेक्षा महाग राहिले आहे. त्यामुळे मायलेज वाढले तरी बदलाचा खर्च भरून निघण्यास ट्रक बराच चालवावा लागतो. वर्षातून दोन-चारदा ट्रेलर ओढणाऱ्याला मूळचाच डिझेल असलेला जुना पिकअप घेणे अनेकदा स्वस्त पडते. बदल करायचाच असेल, तर ब्रेक व कूलिंगचा खर्च इंजिन विकत घेण्यापूर्वीच हिशेबात धरलेला बरा.