रॅमची जोडी जमलीच पाहिजे का?

आमच्या स्टेशनच्या पाटीवर ‘गुरु तेग बहादूर नगर’ लिहिलंय, तरी जुनी माणसं अजून ‘कोळीवाडा’च म्हणतात. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हटलं तर टॅक्सीवाला विचारात पडतो, ‘लॅमिंग्टन रोड’ म्हटलं की लगेच मीटर टाकतो. तोंडात बसलेलं सहजासहजी जात नाही. रॅमबद्दलचं एक वाक्यही असंच बसलंय : “वेगवेगळ्या साइझच्या रॅम एकत्र चालत नाहीत.”

एके काळी ते खरं होतं. ४८६ प्रोसेसरला एका दमात ३२ बिट लागायचे आणि तेव्हाची ३० पिनांची सिम (मोबाईलचं नव्हे हो!) द्यायची ८ बिट. म्हणजे एकसारख्या चार पट्ट्या हव्यातच. पुढे ७२ पिनांची, ३२ बिटांची सिम आली. पण १९९३ साली आलेल्या पेंटियमची डेटा बस ६४ बिटांची, म्हणून पुन्हा जोडी आली. एक ८ एमबीची आणि एक १६ एमबीची, असली जोडी जमायची नाही.

मग आली १६८ पिनांची डिम. ही एकटीच ६४ बिटांची. ३२ शेजारी ६४ लावली की सरळ ९६ एमबी. नियमाचं कारण इथे संपलं.

पण २००३ मध्ये इंटेलच्या ८६५ आणि ८७५ चिपसेटनी ड्युअल चॅनेल घरच्या पीसीत आणलं. तिकिटाच्या दोन खिडक्या उघडल्या की रांग पटापट सरकते, तसंच हे. त्यासाठी सारख्या पट्ट्या लागायच्या. नसल्या तर एकच खिडकी चालू. मशीन बंद पडायचं नाही, वेग कमी व्हायचा. बोलण्यात मात्र ‘हळू चालतं’चं ‘चालत नाही’ झालं आणि जुन्या नियमाला नवं आयुष्य मिळालं.

पुढे इंटेलनेच फ्लेक्स मोड आणला. ८ जीबी आणि १६ जीबी लावा : दोन्हींतले ८-८ मिळून १६ जीबी दोन खिडक्यांवर, उरलेले ८ एका खिडकीवर.

हे आज कशाला? कारण बऱ्याच लॅपटॉपमध्ये ८ जीबी बोर्डावरच सोल्डर केलेली असते आणि शेजारी एक स्लॉट रिकामा. ‘साइझ जुळत नाही’ म्हणून तो रिकामाच ठेवला, तर मेमरीही कमी आणि खिडकीही एकच. त्यात २०२५ च्या अखेरीस एआयच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले. अशा वेळी चालू पट्टी भंगारात टाकणं परवडणारं नाही.

दोन गोष्टी मात्र आजही पाळा. डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसणारच नाही, खाचच वेगळी असते. आणि वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या लावल्या तर दोघीही हळू असलेलीच्या चालीने चालतात.

तेव्हा बोर्डाला जास्तीत जास्त किती मेमरी चालते ते बघा, नवी पट्टी लावा आणि रात्रभर मेमटेस्ट चालू ठेवा. सकाळी एकही एरर दिसला नाही, तर जोडी जमली म्हणायची :-)