दीड तोळ्याची गोळी

ठाणे, कल्याण, डोंबिवली या त्रिस्थळीत राहणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाच्या घरात शस्त्रं म्हणून तीन वस्तू सापडतात : विळी, अडकित्ता आणि आजोबांची काठी. दसऱ्याला शस्त्रपूजा करायची, तर यांनाच हळदकुंकू लावून भागवावं लागतं. अशा घरातला एखादा चिरंजीव जेवताना अचानक ‘मॅग्नम रायफल’ या विषयावर बोलू लागला, तर घाबरू नये. त्यानं जिम कॉर्बेट वाचलेला असतो, एवढंच.

मॅग्नम हा शब्द मुळात बंदुकीचा नव्हेच. तो बाटलीचा. नेहमीच्या दुप्पट, म्हणजे दीड लिटर शॅम्पेन मावणारी बाटली ती मॅग्नम. पुढं नेहमीपेक्षा ताकदवान काडतुसालाही साहेबानं तेच नाव दिलं. मराठी माणसाला याचं नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे बाटलीत आणि काडतुसात, दोन्हीकडे दारूच भरतात.

लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीनं १९१२ साली ३७५ बोअरचं मॅग्नम काडतूस काढलं. त्यातली नेहमीची गोळी ३०० ग्रेनची, म्हणजे सुमारे १९ ग्रॅमची. आपल्या हिशेबात दीड तोळ्याहून जास्त! एवढ्या वजनात आपल्याकडे मुलीची बांगडी होते. साहेब ते एका चापासरशी रानात उडवून मोकळा होत असे. शिवाय बंदूक पुढं जशी मारते तशी मागंही. न्यूटनचा तिसरा नियम ज्यांना शाळेत कळत नाही, त्यांना तो खांद्यात कळतो. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून बार काढायची आपली पद्धत किती शास्त्रशुद्ध आहे, हे तेव्हा पटतं.

पण बार काढणं सोपं. बंदूक विकत घेणं कठीण. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या सरकारनं दोन कायदे केले. एकानं देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांना वेसण घातली, दुसऱ्यानं हत्यारांना परवाना लावला. लेखणी आणि बंदूक या दोहोंची धास्ती एकाच वर्षात! त्यातून गोऱ्यांना परवान्याची सूट. म्हणजे वाघ साहेबाच्या अंगावर आला तर साहेबानं बेलाशक गोळी घालावी. तोच वाघ मुरबाडच्या शेतकऱ्यावर आला, तर त्यानं वाघाला थांबवून आधी अर्ज करावा.

पुढं सरकारला बंदुकीच्या मापाचीही भीती वाटू लागली. फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुका ४५० बोअरच्या. ती काडतुसं बंडखोरांच्या हाती पडतील, म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात आणि सुदानात या मापावरच बंदी आली. विलायती बंदूकवाले काही कमी नव्हते. त्यांनी ४६५, ४७०, ४७५ आणि ४७६ अशी नवी मापं काढली. बंदी साडेचारशेवर ना? मग घ्या चारशे सत्तर! हत्तीला फरक कळण्याचा प्रश्नच नव्हता.

फौजेची ३०३ रायफलही सामान्य माणसाला वर्ज्य. त्याच्यासाठी ३१५ बोअरची शिकारी रायफल निघाली. ती बंगालमधल्या इच्छापूरच्या सरकारी कारखान्यात होऊ लागली. गावाच्या नावात इच्छा आहे. पूर्ती मात्र परवान्यावर.

एवढ्या बंदुका लागत कशाला, तर रान होतं म्हणून. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये जिल्ह्यातल्या जनावरांत वाघ आणि बिबळे आहेत. १९२९ साली तर विहार तलावापाशी वाघ मारल्याची नोंद आहे. आज त्या बाजूला जाताना भीती वाटते ती फक्त वाहतुकीची.

आमच्या नौपाड्याच्या वाड्यात एक वकील राहत. त्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती आणि भिंतीवर बिबळ्याचं कातडं. आम्हां पोरांना ते शिकारीची गोष्ट सांगत. वर्षागणिक बिबळ्या हातभर वाढत असे. पुढं एकदा, कातड्यावरची धूळ झटकता झटकता, ते आपणहून म्हणाले, “अरे, झाडावर होता तेव्हा केवढा दिसत होता! खाली पडला आणि मांजराएवढा झाला.” नंतर त्यांनी ती गोष्ट पुन्हा सांगितली नाही. आम्हीही मागितली नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीनं दार जवळजवळ बंदच केलं. १९८० नंतरच्या दशकात विलायती बंदुकांची आयातही सामान्यांना बंद झाली. त्यामुळं आजोबांची जुनी रायफल म्हणजे सोनंच. पण २०१९ च्या दुरुस्तीनं माणशी तीन हत्यारांची दोन केली आणि निवडणूक आली, की तीही पोलीस ठाण्यात जमा करायचं बोलावणं येतं. माहेरवाशिणीसारखी बंदूक जाते आणि येते.

बिबळ्या मात्र परवाना न काढता येतो. २० फेब्रुवारी २०१९ ला तो ठाण्याच्या कोरम मॉलच्या आवारात फिरून शेजारच्या हॉटेलाच्या तळघरात शिरला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेला एका इमारतीत घुसला. काही माणसं जखमी झाली. शंभर वर्षांपूर्वी दोन्ही ठिकाणी दीड तोळ्याची गोळी सुटली असती आणि कुणीतरी पाय ठेवून फोटो काढला असता. इथं वनखात्याच्या माणसांनी बंदुकीतून सुई मारली, त्याला झोपवलं आणि पिंजऱ्यातून नेलं. जखमी माणसांना आणि बिबळ्याला, दोघांनाही इंजेक्शनच! यात बहादुरी कमी म्हणणाऱ्यानं चिडलेल्या बिबळ्यासमोर सुई घेऊन उभं राहून पाहावं.

राहता राहिला नेमबाजीचा प्रश्न. १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलमध्ये ४५१.४ गुणांनी ब्राँझपदक मिळवलं. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, समोर कागद. आणि तेव्हाची नोकरी? मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाची! डोंबिवलीकरांनी आनंदानं पेढे वाटले असतील. पण पास संपलेल्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी आधी रांगेत उभं राहून तो काढला असेल. मध्य रेल्वेच्या तपासनिसाचा नेम चुकत नाही, हे आता साऱ्या जगाला ठाऊक आहे.