नवलेखक-मार्गदर्शन, मराठी विकिपीडियातील

कोणालाही लिहिता व सुधारता येणाऱ्या या महाजालावरील ज्ञानकोशात प्रथमच लेखन करणाऱ्यांना त्याचे संकेत समजावून देण्याची पद्धती. मराठीत कोशलेखकांना मार्गदर्शन करण्याची परंपरा जुनी आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) यांचा २३ खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश व लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१–९४) यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे आकारास आलेला मराठी विश्वकोश (पहिला खंड १९७६) यांत लेखांचे संस्करण प्रकाशनापूर्वी होत असे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात हा क्रम उलटला : लेख आधी प्रसिद्ध होतो, नंतर तपासला जातो. त्यामुळे नवलेखकाची चूक व तिची दुरुस्ती ही दोन्ही सर्वांसमक्ष घडतात आणि पानाच्या इतिहासात नोंदली जातात.

या अडचणीवरील सोयींना परिचित नावे आहेत. सरावाच्या पानास ‘धूळपाटी’ (पूर्वी मुले जिच्यावर अक्षरे गिरवीत ती पाटी), तर सामायिक विचारविनिमयाच्या पानास ‘चावडी’ म्हणतात. प्रत्येक लेखास स्वतंत्र चर्चापानही असते. अनेक नवलेखक स्वतःच्या गावापासून आरंभ करतात. उदा., नवी मुंबईतील नेरूळचा जुना रहिवासी तेथील गावठाणाविषयी पुष्कळ जाणतो. परंतु स्मरणातील माहितीस प्रकाशित आधार जोडावा लागतो, अन्यथा ती वगळली जाऊ शकते. कारण न सांगता मजकूर वगळल्यास लेखक दुरावण्याचा संभव असतो व त्याच्यापाशी असलेले स्थानिक ज्ञानही कोशाबाहेर राहते. म्हणून कारण नोंदवून आधार मागणे व तो शोधण्यास साहाय्य करणे, हेच या मार्गदर्शनाचे मर्म होय.