झाकली मूठ

नागपुरात गोळा म्हटले की गोळाभात आठवतो. भाताच्या वाफेत मुरलेले बेसनाचे गोळे, वरून कडकडीत फोडणीचे तेल. पण इतवारीतल्या एखाद्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ‘गोला दाखवा’ म्हटले, तर काउंटरवर येते ती ॲल्युमिनियमची लांबलचक पट्टी, ‘एल’ किंवा ‘सी’ या इंग्रजी अक्षरासारखी वळवलेली. नव्या किचनला हँडल नको असे घरात ठरले, की दुकानदार आधी हीच पट्टी पुढे करतो. गिऱ्हाईक ती उलटसुलट करून बघते. गोल म्हणावे असे तिच्यात काही सापडत नाही. मिस्त्रीला विचारावे, तर तो म्हणतो, कंपनीचे नाव असेल.

नाव कंपनीचे नाही. इटालियनमध्ये ‘गोला’ म्हणजे गळा. ओटा आणि त्याखालचा ड्रॉवर यांच्यामध्ये मानेसारखा आत गेलेला भाग ठेवायचा, तिथे बोटे घालून ड्रॉवर ओढायचा, म्हणून ही पट्टी गोला. इटालियनच्या आधीचा लॅटिन ‘गुला’ आणि आपला संस्कृत ‘गल’ शेजारी ठेवले, तर कानाला सख्खे भाऊ वाटतात. तेव्हा ‘गळापट्टी’ म्हटले असते तरी चुकले नसते. कॅटलॉगमधून शब्द उतरला आणि आपल्या कानांनी त्याला गोल करून टाकले.

स्वयंपाकघरातल्या सामानाच्या नावांत अशा उलाढाली जुन्याच आहेत. संस्कृतात ‘कपाट’ म्हणजे दाराची फळी. केदारनाथचे कपाट उघडले, अशी बातमी दर वर्षी येते, तिच्यात तो अर्थ अजून शाबूत आहे. मराठीने दाराचे नाव उचलून अख्ख्या पेटीला दिले. वैदर्भीय तोंडात जास्त बसलेली ‘आलमारी’ ही पोर्तुगीज ‘अर्मारियो’ची लेक, आणि तिची लॅटिन आजी ‘आर्मारियम’ म्हणजे शस्त्रे ठेवायची जागा. ‘चावी’ आली तीही पोर्तुगीजांच्याच गलबतातून. राहिला ड्रॉवर. इंग्रजीत त्याचा अर्थ सरळ आहे, ओढायचा तो. नावच ओढण्यावरून पडलेला हा गृहस्थ आता बोटाने आत ढकलला की बाहेर येतो.

आणि मूठ? ती ‘मुष्टि’वरून आली. हाताचा आकार तोच वस्तूचा भाग झाला. पकडायच्या जागांना मराठीने बहुतेक शरीराचीच नावे दिली आहेत. कढईला कान, कपालाही कान. पण रोज सर्वांत जास्त उचलले जाते त्या पातेल्याला ना कान, ना मूठ, ना दांडी. वाटी, ताट, पेला, परात, सगळीच भांडी बिनमुठीची. पाश्चात्य सॉसपॅनला जी दांडी जोडलेली असते, ती आपण सुटी करून खुंटीला टांगली आणि तिला सांडशी म्हटले. एका सांडशीवर दहा पातेली भागतात, शिवाय भांडी एकात एक बसतात. फळीवर जागा किती वाचते, हे दांडीवाले पॅन रचून पाहिलेल्यांना सांगायला नको.

भिंतीतही तेच. देवळीला दार नव्हते, कोनाड्याला नव्हते, मांडणी तर उघडीच. दार होते ते फडताळाला, आणि त्याला जी कडी होती ती मुख्यतः कोयंड्यात अडकवून कुलूप लावण्यासाठी. तूप, साखर, गूळ, पाहुण्यांसाठी जपलेला मेवा आत, आणि किल्ल्यांचा जुडगा घरातल्या थोरल्या बाईच्या कमरेला. दार उघडता यावे यापेक्षा ते कुणी उघडावे, याची व्यवस्था म्हणजे कडी. गोदरेजची ‘स्टोअरवेल’ लोखंडी आलमारी 1923 साली आली, तिच्याही दारावरचा मान कुलूप आणि फिरवायच्या मुठीचा. बिनमुठीच्या किचनला कुलूप लावायची सोय सहसा नसते आणि कुणी ती मागतही नाही. साखरेला कुलूप लावायचे दिवस गेले, हे या गुळगुळीत दारांवरून जितके कळते तितके दुसऱ्या कशावरून कळत नसेल.

बिनमुठीचे सरकते दार मात्र मराठी घराने फार आधी पाहिले होते, आणि तेही हॉलमध्ये. शोकेसची सरकती काच आठवा. तिच्या कडेपाशी अंगठ्याएवढी घासून काढलेली खाच असायची. आत कपबशांचा न वापरलेला सेट, शाळेतली बक्षिसे, तीर्थक्षेत्राहून आणलेले काहीबाही. बुद्धिबळाच्या लाकडी पेटीच्या झाकणालाही नखापुरती चंद्रकोर कोरलेली असे. जपानी घरांतल्या सरकत्या कागदी दारांना अशीच बोट घालायची खोलगट वाटी असते, तिला ‘हिकिते’ म्हणतात. दार सरकते असले की त्याच्या पृष्ठभागावर काही वर येऊन चालत नाही, म्हणून सगळीकडे पकड आत गेली. दार बाहेर उघडणारे असताना ती आत का गेली, हा प्रश्न युरोपातल्या किचनमध्ये सुटतो.

आजच्या मॉड्युलर किचनचा वंश लोक सांगतात तो फ्रँकफुर्टपासून. 1926 साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईने तिथल्या नगरपालिकेच्या घरांसाठी 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब असे स्वयंपाकघर आखले. सुमारे 10,000 घरांत ते बसवले गेले. आगगाडीच्या डब्यातल्या भटारखान्यासारखे आटोपशीर, वळले की सगळे हाताशी. त्यात ॲल्युमिनियमचे 18 लहान खण होते. प्रत्येकावर जिन्नसाचे नाव, पुढे मूठ, मागे निमुळती चोच. तांदूळ हवे, तर खणच बाहेर ओढायचा आणि चोचीने थेट पातेल्यात ओतायचा. मुठीचा इतका नेमका उपयोग नंतरच्या किचनांत क्वचित दिसतो. आपण हे आखले तेव्हा आपल्याला स्वयंपाक येत नव्हता, अशी कबुली बाईंनी पुढे स्वतःच देऊन टाकली. नाझींविरुद्धच्या कामासाठी 1941 मध्ये त्यांना अटक झाली, त्यातून त्या वाचल्या आणि 2000 साली, वयाची 103 वर्षे पूर्ण व्हायला पाच दिवस असताना वारल्या.

मूठ गेली ती 1960 मध्ये. जर्मनीतल्या ल्योने गावच्या सीमॅटिक कंपनीने ‘6006’ नावाचे किचन आणले. त्यात दारांवर वेगळी मूठ नव्हती, पकडायची पट्टी दर्शनी भागातच सामावलेली होती. एका रेषेत सलग जाणारे सपाट किचन, एका फडक्याच्या फराट्यात पुसून निघणारे. इटालियन कारखान्यांनी पुढे या खाचेला गळ्याचे नाव दिले. ढकलून उघडायच्या यंत्रणेत ऑस्ट्रियातल्या ब्लूमसारख्या कंपन्यांनी नाव काढले. 1952 साली युलिउस ब्लूम यांनी ही कंपनी काढली, तेव्हा तिचा पहिला माल होता घोड्याच्या नालेला बसवायच्या खुंट्या! आज ड्रॉवरच्या सरकपट्ट्यांसाठीचा तिचा ‘टँडम’ हा शब्द मराठी सुतारांच्या तोंडी बिजागरीइतका रुळला आहे.

आपल्याकडे हे सगळे उशिरा आणि उलट्या वाटेने आले. चूल जमिनीवर होती, तोवर खालच्या कपाटाचा प्रश्नच नव्हता. गॅस आला, बायका उभ्या राहिल्या, ओटा झाला आणि ओट्याखाली रिकामी जागा सापडली. तिथे आधी पडदा लागला, मग स्टीलच्या जाळ्या. या जाळ्यांना महाराष्ट्राने ट्रॉल्या म्हटले, आणि ‘आमच्याकडे ट्रॉल्या बसवल्या’ हे वाक्य घराची पायरी सांगू लागले. ट्रॉलीला हँडल असायचेच, तेही वाकवलेल्या स्टीलच्या नळीचे. त्यात पदर अडकायचा, गुडघ्याला ते लागायचे, आणि कणकेचा हात लागून खालच्या फटीत जे साचायचे ते दिवाळीच्या सफाईलाच निघायचे.

आता नागपूरपुरते बोलायचे. या शहराच्या एका वस्तीचे नावच लकडगंज. चंद्रपूर-गडचिरोलीचे सागवान इथल्या बाजाराचे वैभव, आणि 2023 मध्ये उघडलेल्या दिल्लीच्या नव्या संसद भवनात लागले ते सागवानही नागपूरहून गेलेले. पण याच शहरातली नवी किचन सागवानाची होत नाहीत. ती होतात प्लायवूडची किंवा ओलीला दाद न देणाऱ्या एचडीएचएमआर बोर्डाची. ओट्याखाली ‘आयएस 710’ शिक्क्याचे प्लाय घ्यावे, असे जाणकार सांगतात. त्याच्या चाचणीत तुकडा 72 तास उकळत्या पाण्यात ठेवतात. नागपूरच्या घराला अशी परीक्षा वेगळ्या रीतीने द्यावी लागते. मे महिन्यात बाहेर पारा 45 अंशांच्या वर, आत कूलरची ओली हवा, आणि जूनमध्ये पुन्हा पाऊस. उंच शटरला, म्हणजे कपाटाच्या दाराला, थोडा जरी बाक आला, तर आधी बिघडते ती ढकलून उघडायची कळ. बॉलपेनसारखी ती दाबली की सुटते, पुन्हा दाबली की अडकते, आणि दाबायला शटरमागे दोन-तीन मिलिमीटरची फट लागते. ती फट कमी-जास्त झाली की शटर एकतर आपोआप उघडे राहते, नाहीतर कितीही दाबा, उघडतच नाही. शिवाय ओट्याला टेकून उभे राहणाऱ्याची कंबर लागली तरी ड्रॉवर उघडतो. साध्या कळीबरोबर हळू मिटणारी सॉफ्ट-क्लोजची सोय मिळत नाही. दोन्ही एकत्र देणारी यंत्रणा आहे, पण तिथे झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण हिशेबाच्या वहीत उतरते.

सावजी रश्श्याच्या गावात आणखी एक पंचाईत. ढकलायचे शटर म्हणजे रोज शटरवर बोट टेकवायचे, आणि बोटाला तर्री. चकचकीत ॲक्रिलिकवर ती लाल बोटे दुपारच्या उजेडात फार छान दिसतात.

गोल्याचे दुखणे वेगळे. त्या गळ्यात पीठ जाते, मोहरी जाते, आणि ओट्यावरून ओघळलेले पाणी तर हमखास. त्यासाठी ग्रॅनाइटच्या पुढच्या कडेला खालून एक बारीक खाच मारून घेतात, म्हणजे थेंब आत न शिरता तिथेच गळून पडतो. छज्ज्याखालच्या अशा खाचेला इंजिनिअर ‘थ्रोटिंग’ म्हणतात. पुन्हा गळाच. दर पट्टीमागे ड्रॉवरची दोन-तीन इंच उंचीही जाते, तीन ड्रॉवरांच्या रचनेत ती चांगलीच जाणवते. तरी डाळ-तांदळाचे जड ड्रॉवर ओढायला चार बोटांची पकड देणारा गोलाच बरा. ओट्यावरच्या कपाटांना दोन्हीची गरज नाही. शटर खोक्यापेक्षा बोटभर खाली लांबवले की त्याची खालची कडच मूठ होते, आणि खर्च शून्य.

एक गोष्ट मात्र प्लाय कापण्याआधी ठरवा. गोल्यासाठी कॅबिनेटच्या बाजूच्या फळ्यांत खाचा आधीच कापाव्या लागतात, आणि एकदा कापल्या की माघार नाही. हँडल मात्र ड्रिलने दोन भोके पाडून दहा वर्षांनीही लावता येते.