अष्ठीला ग्रंथीची शस्त्रक्रिया : फलाच्या पूर्वानुमानाचा इतिहास

अष्ठीला (प्रोस्टेट) ग्रंथी पुरुषाच्या मूत्राशयाच्या तळाशी, मूत्रमार्गाच्या प्रारंभीच्या भागास वेढून असते. उतारवयात तिची साधी, म्हणजे कर्करोगजन्य नसलेली, वृद्धी झाल्यास मूत्रप्रवाहास अडथळा होतो. वाढलेला भाग काढल्यावर रुग्णास आराम पडावा, हे तर्कास पटणारे असले, तरी काही रुग्णांना तो पडत नाही. असे रुग्ण आधी ओळखता येतील काय, हा प्रश्न या शस्त्रक्रियेइतकाच जुना आहे.

पॅरिस येथील फेलीक्स ग्यूयाँ यांच्या मते ग्रंथीची वाढ हा वार्धक्यात सर्व मूत्रसंस्थेत होणाऱ्या रोहिणीकाठिण्याचा केवळ एक अंश होता. मूत्राशयच निकामी झालेला असल्याने ग्रंथी काढून काही साधणार नाही, असे त्यावरून मानले जाई. या मतास प्रत्यक्ष उत्तर मिळाले ते पीटर फ्रायर यांच्याकडून. हे आयरिश शस्त्रक्रियाविशारद उत्तर भारतात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये सु. वीस वर्षे काम करून लंडनला परतले होते. ओटीपोटातून मूत्राशय उघडून ग्रंथी बोटाने सोडवून काढण्याच्या पद्धतीचे वृत्त त्यांनी १९०१ मध्ये प्रसिद्ध केले. न्यूयॉर्कच्या यूजीन फुलर यांनी तत्सम शस्त्रक्रिया त्यापूर्वीच केली होती व अग्रमानावरून वादही झाला. पण येथे महत्त्वाचे हे की, दीर्घकाळ नळीवर (कॅथेटरवर) अवलंबून असलेले वृद्ध शस्त्रक्रियेनंतर आपोआप लघवी करू लागले. तथापि ग्यूयाँ यांची शंका सर्वस्वी निराधार नव्हती, हे पुढे दिसून आले.

त्या काळी पूर्वानुमान म्हणजे रुग्ण जगेल की नाही, एवढेच. तुंबलेल्या मूत्रामुळे वृक्क (मूत्रपिंड) दुर्बल झालेले रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दगावत. १९१० मध्ये बॉल्टिमोर येथे राउनट्री व गेराटी यांनी फिनॉलसल्फोनथॅलीन हे रंजकद्रव्य टोचून ते ठराविक वेळात मूत्रातून किती बाहेर पडते, हे मोजण्याची कसोटी प्रचारात आणली. नळीने मूत्राशय रिकामा ठेवून वृक्कांचे कार्य सुधारेपर्यंत शस्त्रक्रिया लांबणीवर टाकता येऊ लागली. या क्षेत्रातील पहिले खरे मापन हेच म्हणावे लागेल.

१९३० नंतर मूत्रमार्गातून विद्युत् प्रवाहाने ग्रंथी तासण्याची पद्धत रुळली, मृत्युप्रमाण घटले आणि सौम्य त्रासासाठीही शस्त्रक्रिया होऊ लागली. साहजिकच प्रश्न बदलला : रुग्ण जगेल हे खरे, पण त्याला बरे वाटेल काय? विलर्ड ड्रेक यांनी १९४८ मध्ये मूत्रप्रवाहाचा वेग नोंदणारे उपकरण वर्णिले. परंतु धार मंद असण्याचे कारण अडथळा असेल किंवा मूत्राशयाच्या स्नायूची दुर्बलताही असेल. केवळ वेगावरून हा भेद कळत नाही. त्यासाठी मूत्राशयातील दाबही त्याच वेळी मोजावा लागतो. एब्रॅम्झ व ग्रिफिथ्स यांनी १९७९ मध्ये दाब व वेग यांवरून अडथळा ठरविण्याचा आलेख दिला. डेन्मार्कमधील येन्सन यांच्या १९८० नंतरच्या दशकातील पाहणीत अडथळा सिद्ध झालेल्यांपैकी सु. ९३%, तर अडथळा नसलेल्यांपैकी सु. ७८% रुग्णांना आराम पडला. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचता येतात. कसोटीचा उपयोग आहे हे खरे. पण तिच्या निर्णयावर शस्त्रक्रिया नाकारली, तर लाभ होऊ शकणाऱ्या बहुसंख्यांनाही ती नाकारली जाते.

दरम्यान रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्याला मोजमापाचे रूप आले. अमेरिकन यूरॉलॉजिकल असोसिएशनची सात प्रश्नांची, ० ते ३५ गुणांची लक्षणसूची १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. १९९५ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील ५५६ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. मध्यम लक्षणे असलेल्या या रुग्णांपैकी काहींवर शस्त्रक्रिया केली होती, तर इतरांना नुसते देखरेखीखाली ठेवले होते. लक्षणांचा ज्यांना मुळात अधिक जाच होता, त्यांनाच शस्त्रक्रियेचा सर्वाधिक लाभ झाला. ग्रंथीच्या आकाराचा मात्र लक्षणांच्या तीव्रतेशी संबंध क्षीणच आढळतो; मोठी ग्रंथी बाळगून निर्वेध राहणारे वृद्ध पुष्कळ असतात.

इंग्लंडमधील २६ रुग्णालयांत ८२० पुरुषांवर केलेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या तपासणीस दाबमापनाची जोड दिल्याने शस्त्रक्रियांची संख्या घटली नाही. दीड वर्षानंतरची लक्षणेही दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच होती. त्यामुळे ही कसोटी निवडक रुग्णांपुरती राखली जाते : पूर्वीची शस्त्रक्रिया विफल झालेले, लघवीनंतर मूत्राशयात पुष्कळ मूत्र शिल्लक राहणारे, तसेच वयाने फार लहान वा अतिवृद्ध असलेले. यांतील अनेकांच्या बाबतीत शंका ग्रंथीविषयी नसून ग्यूयाँ यांच्याप्रमाणेच मूत्राशयाविषयी असते.